न उकळलेली कानस

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. माझं काम हाड घासायचं. जाडीने मी आगपेटीच्या काडीएवढी, आणि टोकाला बारीक दाते.

१९८१ साली तुमसरच्या डॉक्टर मधुकररावांनी मला नागपूरहून आणलं. इथल्या राइस मिलमध्ये बाया उकडलेलं ओलं धान पायांनी पसरवत. दिवसभर पाय ओले राहत, बोटं एकमेकांवर घासत आणि बेचक्यात कुरूप होई. लोक ते ब्लेडने कापत. महिन्याभरात ते पुन्हा येई, कारण आत हाडाचा बारीक उंचवटा टोचत असे. डॉक्टर बोट बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढी चीर देत, मला आत घालत आणि तो उंचवटा घासून काढत. टाका एकच.

पहिली आली देवकाबाई. दोन वर्षं ती टाचेवर चालत होती. महिन्याभराने ती सरळ पावलं टाकत पेढे घेऊन आली. तिने मिलभर माझं कौतुक सांगितलं. मला फार अभिमान वाटला.

मग गर्दी होऊ लागली. प्रत्येक पेशंटनंतर कंपाउंडर ईश्वर मला ब्रशने घासून वीस मिनिटं उकळत असे. हा नियम डॉक्टरांचाच होता.

एका बाजाराच्या दिवशी सात पेशंट होते. पाचव्याचं बोट आतून पिकलेलं निघालं. त्याच्यामागे रुखमा होती, देवकाबाईच्या जोडीला काम करणारी. देवकाबाईच तिला घेऊन आली होती. "भेऊ नोको बाई, मले पाह, कशी चालून राहिली!" ती म्हणत होती.

ईश्वर दारातून म्हणाला, "साहेब, कानस उकळाची राहिली."

"आता वेळ नाही. स्पिरिटातून काढ आणि दे."

स्पिरिटाने मी चकचकीत झाले. पण माझ्या दात्यांत आधीच्या पेशंटचा पू आणि हाडाचा भुगा अडकलेला होता. मला ते कळत होतं आणि ओरडायला तोंड नव्हतं. मी रुखमाच्या बोटात शिरले.

चौथ्या दिवशी तिचा नवरा सुखराम तिला बैलगाडीतून घेऊन आला. पाय घोट्यापर्यंत काळानिळा, अंगात ताप. डॉक्टरांनी तिला स्वतःच्या जीपमध्ये घालून नागपूरला नेलं. तिथे आधी दोन बोटं काढली, मग गुडघ्याखाली पाय.

तीन महिन्यांनी रुखमा कुबड्या घेऊन दवाखान्यात आली. देवकाबाई सोबत होती, पण ती उंबरठ्याबाहेरच रडत बसली. डॉक्टर उभे राहिले. "चूक माझी आहे, रुखमा. कानस उकळली नव्हती. ईश्वरने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

 रुखमा म्हणाली, "चालता याले पायजे म्हून त आली होती मी, साहेब."

 त्या दिवसानंतर डॉक्टरांनी मला हातात धरलं नाही. ड्रॉवरमध्ये पडून मी गंजले.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी नर्स. कितीही घाई असली तरी "उकळायचं राहिलं" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. बाहेरच्या रांगेला वाट बघू द्या.