येळवशीच्या दिवशी बाहेर बसले

तो एवढासा ड्रॉपर... बोटभरही नाही, टोकाला फुगा, बाहुलीला औषध पाजायला केल्यासारखा. प्रेग्नन्सी टेस्टच्या प्रत्येक पाकिटात असा एक निघतो आणि प्रत्येक वेळी ज्ञानेश्वरीला तो फेकवत नाही. पट्टी फेकवते. पट्टी एका रेघेची, तिचं नशीब ठरलेलं. पण ड्रॉपर बिचाऱ्यानं त्याचं काम चोख केलेलं असतं, तीन थेंब म्हटलं की तीन थेंब. या घरात इतकं नेमानं वागणारं दुसरं कोण आहे? मी तर नाहीच — असं मनात आलं आणि बाथरूममधल्या स्टुलावर बसल्या बसल्या तिला हसू फुटलं, ते बाहेर जाऊ नये म्हणून तिनं बादलीत नळ सोडला.

एकच रेघ. तिनं पट्टी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, मग आडवी, मग डोळे बारीक करून — दुसरी रेघ कधीकधी लाजते म्हणे, उशिरा येते. माझ्या घरचं सगळंच उशिरा येतं. नाही आली.

म्हणजे आता गोळ्या. डॉक्टरीणबाई हे सगळं गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगतात — टेस्ट निगेटिव्ह आली की गोळ्या सुरू करा, गोळ्या संपल्या की पाळी येईल, पाळी आली की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला या — जशी लातूरहून नांदेडची गाडी, अहमदपूर आलं की लोहा येणारच. पण गाडी आधी स्टँडवर लागायला तर पाहिजे! कधी महिना-सव्वा महिन्यानं, कधी दोन महिने गायब, कधी पंधरवड्यातच परत दारात हजर, काहीतरी विसरून गेलेल्या पाहुण्यासारखी. जी येऊ नये म्हणून तुळजापूरला नवस, तीच यावी म्हणून गोळ्या. आली तर रडायचं. नाही आली तर गोळी घेऊन तिला आणायचं, आणि मग रडायचं. त्यात नवरा, अंगद, महावितरणमध्ये, हिमायतनगरला. शनिवारी रात्री येणार, सोमवारी पहाटे जाणार. तिचं शरीर आणि एसटी महामंडळ, दोघांनी मिळून एकच दिवस गाठायचा... दवाखाना सुरू होऊन तीन वर्षं झाली, अजून जमलेलं नाही.

स्वयंपाकघरातून शेंगाभाज्यांच्या भज्जीचा वास येत होता. आज येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. निम्मं लातूर आज शेतात जाणार, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव पुजणार, भज्जी-आंबील खाऊन झाडाखाली आडवं होणार. सासरे, सुदामराव, कालच मुरुडच्या शेतावर गेलेले, कोप बांधायला. अंगद रजा टाकून आलेला; खाली गाडीत डबे ठेवत होता. आणि सासूबाई, पंचफुलाबाई, पहाटेपासून पातेल्याशी उभ्या — एकट्या. 'तू नको उचलू,' म्हणाल्या होत्या. 'तू बस.'

हे 'तू बस' महिनाभरापासूनचं. या घरात बाई बाहेर बसते. अपार्टमेंट औसा रोडला, लिफ्टसकट, पण पाळी आली की गॅलरीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या, देवाला हात नाही, कुणाला शिवणं नाही. त्यामुळे सांगावं काहीच लागत नाही. चटई टाकली की घराला कळतं, चटई टाकली नाही की तेही कळतं. ज्ञानेश्वरी शेवटची बसली ती दसऱ्याला. दिवाळी कोरडी गेली, चंपाषष्ठी गेली. कुणी काही विचारलं नाही. फक्त एक दिवस दुधाच्या पेल्यात केशर दिसलं. मग वरच्या फळीवरचा डबा सासूबाईंनीच काढला. 'ज्ञानेश्वरी'ची 'ज्ञानू' झाली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. आई, तसं काही नाही हो, माझं असंच असतं, डॉक्टरांकडचा कागद दाखवते... पण केशराचं दूध गरम होतं, आणि 'ज्ञानू' म्हणताना त्या बाईचा आवाज असा काही मऊ व्हायचा की — उद्या सांगू. ती सकाळची टेस्ट करायची आणि संध्याकाळचं दूध प्यायची.

नळ बंद केला तर बाहेरची कुजबुज ऐकू आली. शेजारच्या महादेवीकाकू आल्या होत्या. दरवर्षी त्या यांच्याच शेतात येतात.

"हिरवं लुगडं घेतलंव बघ," सासूबाई म्हणत होत्या. "पांडवासमोर वटी भरती आज. समद्या भावकीच्या बाया हायेत."

"सांगितलं का तिनं?"

"तिनं कशाला सांगाय पाह्यजे? दसऱ्यापास्नं बसली न्हाई. तिसरा सरल्याबिगर बोलू नये म्हन्त्यात, पर पांडवाला काय चोरी?"

ज्ञानेश्वरीला ते डोळ्यांसमोर दिसलंच. पंधरा-वीस बायका, कोपीसमोर रांगेनं, चुलतसासवा, नणंदा, त्यांच्या कडेवरची... आणि मध्ये मी पदर पसरून. नारळ पडणार. खण पडणार. गहू. आणि मग फाल्गुनात, चैत्रात कुणीतरी विचारणार, 'काय गं, कितवा?'

नाही. तिनं पट्टी कागदात गुंडाळली, कचऱ्याच्या डब्यात तळाशी खुपसली. दार उघडलं. आपण काय बोलणार आहोत ते तिला बोलेपर्यंत नीटसं माहीत नव्हतं.

"आई, मी बाहेर बसले."

पळी थांबली. पातेल्यात भज्जी तेवढी रटरटत राहिली. ज्ञानेश्वरीला वाटलं, संपलं. साध्या चार शब्दांत संपतं तर हे. आता चेहरा पडेल, एखादा टोमणा येईल — यावाच, टोमण्याची सवय आहे — ते हिरवं लुगडं कपाटात जाईल, आणि मी गॅलरीत पाय पसरून दिवसभर कुणाचीच कुणी नसेन. गोळ्या खोट्या चटईवर बसून घेईन. तिला चक्क हलकं वाटलं.

"आमच्यात नसतंय बाई हे," महादेवीकाकू म्हणाल्या. त्या लिंगायत, उदगीरच्या, त्यांच्या घरी विटाळ पाळत नाहीत. "चल की तशीच. पांडवाला काय कळतंय—" त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पंचफुला, अगं... दसऱ्यापास्नं म्हन्लीस ना तू? मंग हे... पडलं का काय?"

पडलं.

हे ज्ञानेश्वरीच्या हिशेबातच नव्हतं. तिच्या हिशेबात पाळी म्हणजे 'नाही'. पण या दोघींच्या हिशेबात दसऱ्यापासून 'आहे' होतं. आणि जे आहे ते नाही व्हायचं तर मधे काहीतरी जावं लागतं.

"आई, तसं न्हाई—"

"बोलू नको," सासूबाई म्हणाल्या. पळी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले. "लई जातंय का? कळा येऊन राहिल्यात का? सकाळपास्नं न्हानीत बसलीस, एकटीच... आन मी हितं भज्जी ढवळत बसले."

तेवढ्यात फोन वाजला. अंगद. "अगं, चला की! बाबाचे चार फोन आले."

"तुम्ही जा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मी बसले बाहेर."

मग त्याचा आवाज एकदम उजळला, "खरंच? आली? गोळ्या न घेता? मग तर बरंच झालं की! दुसऱ्या दिवशी बोलवलंय ना, मी उद्याची पण रजा टाकतो, सकाळीच नंबर लावू."

बरंच झालं! तिला फोन भिंतीवर मारावासा वाटला. एकाच खोट्यानं इकडे मयत आणि तिकडे मुहूर्त. कुणाला म्हणून खरं सांगावं? याला सांगितलं, 'आली नाही', तर हा 'अरेरे' म्हणणार. आईंना सांगितलं, 'आली नाही', तर त्या हात जोडून पुन्हा केशर काढणार. शब्द तेच! काहीच न होण्यालासुद्धा या घरात दोन-दोन अर्थ, आणि दोन्ही मीच सांभाळायचे... एवढं एक कोरं, रोकडं 'नाही' कुणी घेईल का माझ्याकडून?

सासूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. फोन नव्हे, मनगटासकट हातच धरला. "अंगद, तू जा महादेवीला घेऊन. डबे हायेत समदे. पूजा शेतावर तुझ्या चुलतीच्या हातानं करा. मला आता शिवायचं न्हाई पांडवाला."

मग ज्ञानेश्वरीला कळलं की त्यांनी आपल्याला शिवलंय.

लग्नाला सहा वर्षं झाली; पाळीच्या दिवसांत या बाईनं तिला पाण्याचा तांब्यासुद्धा वरून ओतून दिलेला. येळवशीच्या दिवशी, नैवेद्य व्हायचा असताना, त्यांनी तिचं मनगट धरलं होतं आणि सोडत नव्हत्या. गॅलरीत नाही — आतल्या खोलीत, स्वतःच्या गादीवर त्यांनी तिला निजवलं. महादेवीकाकू उरलेले डबे घेऊन खाली गेल्या. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. मग सगळा औसा रोड गप्प झाला.

सासूबाईंनी तव्यावर फडकं गरम केलं, ते तिच्या ओटीपोटावर ठेवलं, वर आपला तळवा दाबून धरला. तळवा खरखरीत, जड. मग म्हणाल्या, "रडून घे. मला न्हवतं रडू दिलं कुनी."

आता सांग. आताच. ज्ञानेश्वरीनं तोंड उघडलं. आई, काही पडलं नाही, काही नव्हतंच — वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, आणि बाहेर आला तो हुंदका. तिला स्वतःचाच राग आला. हे कसलं नाटक, खोट्या विटाळावर खरं रडं! तिनं ओठ दाबले, पण आतून दुसरं काही वर येत होतं, गेल्या महिन्याचं नाही, दसऱ्याचं नाही, फार मागचं... दवाखान्याच्या पहिल्या वर्षीचं ते बारसं, जिथून ती पोट दुखतंय सांगून निघून आली. मेडिकलवाला न विचारता पाकीट पुढे करायचा ते. पाण्याखाली धुतलेला प्रत्येक कपडा. जे गेलं त्याचं लोक रडतात, दहा दिवस, तेरा दिवस, घरं रीतसर थांबतात. जे आलंच नाही त्याला दिवस नाही, वार नाही, त्याच्यासाठी कुणी कामाला खाडा करत नाही. तीन वर्षं ती चालत्या कामात, भाकरी थापता थापता, उभ्या उभ्या—

"बास, बास," सासूबाई म्हणत होत्या, आणि त्यांचा आवाजही ओला होता. आणि त्या कुणासाठी रडत होत्या, हिच्या नसलेल्यासाठी की त्यांच्या कधी न सांगितलेल्यासाठी, हे विचारायची ज्ञानेश्वरीला छाती झाली नाही.

फडकं निवलं. तळवा तिथंच राहिला. हे आपलं नाही, तिला पक्कं कळत होतं, हे चुकून आपल्या दारात उतरवलेलं आहे आणि संध्याकाळी गाडी परत यायच्या आत ज्याचं त्याला द्यायला हवं. पण तीन वर्षं ज्या शरीराकडे ती फक्त कान लावून, दात आवळून बसली होती — आली का, नाही का — ते आज पहिल्यांदाच तिला एखाद्या दमलेल्या माणसासारखं वाटत होतं, आणि दमलेल्याला कुणी विचारत नाही की तू कधी येणार. तिनं आपला हात सासूबाईंच्या हातावर ठेवला. बाजूला करायला म्हणून ठेवला होता... पण तो तसाच राहिला.