केबलच्या तोंडात कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे आणि आधीच सांगून ठेवते, सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. केबलला कुठलं डोकं, असं म्हणू नका. मला दोन तोंडं आहेत, आणि तरीही तीन आठवडे माझं म्हणणं कोणालाही ऐकू आलं नाही.

माझा जन्म तीस वर्षांपूर्वी वेल्समधल्या एका कारखान्यात झाला. अंगठ्याएवढा जाड देह, चार मीटर लांबी आणि प्रत्येक तोंडात चोवीस चकचकीत पट्ट्या. तिथून मी थेट केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत आले. माझ्या एका टोकाला मोजमाप करणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला संगणक. संगणकाने विचारायचं, यंत्राने आकडा सांगायचा आणि दोघांचे निरोप मी पोचवायचे. आतापर्यंत चार संगणक झाले, मी एकटी टिकले. शोधनिबंध छापून आला की त्यात यंत्राचं नाव असतं, प्रोग्रॅमचंही असतं. माझं नसतं. माझ्यावरून खुर्चीची चाकं मात्र सगळ्यांनी नेली.

आमचे तंत्रज्ञ शशिकांतकाका मूळचे पुण्याचे. दर खंडेनवमीला ते यंत्रांची पूजा करतात. प्रोफेसरबाई इंग्रज, पण त्यांनाही आता याची सवय झाली आहे. आदल्या दिवशी त्या स्वतःच सुपरमार्केटमधून पिवळी फुलं आणून ठेवतात. काकांची पूजा आटोपशीर असते. झाकणावर एक फूल, चार अक्षता, चिमूटभर कोरडं कुंकू, आणि संध्याकाळी सगळं पुसून स्वच्छ. या वर्षी मात्र काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी वरदाला फोन केला आणि सांगितलं, "यंदा पूजा तू कर. आणि कोणाला विसरू नकोस हं."

वरदा पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जन्म लंडनच्या हॅरोमधला, मनाने अगदी सोनं. तिचे बाबा दसऱ्याला गाडीच्या स्टीअरिंगपासून टायरपर्यंत गंध लावतात, पूजा म्हणून तिने तेवढंच पाहिलेलं. तिने कुंकू पाण्यात कालवून चांगलं दाट गंध केलं. यंत्राला लावलं, संगणकाला लावलं. मग यंत्रामागे पडलेली मी तिला दिसले. तिने माझे स्क्रू सोडवले, मला पुढे ओढलं आणि म्हणाली, "तू पण काम करते ना? मग तुला पण." आणि गंधाने भरलेलं बोट थेट माझ्या तोंडात! मग मला परत यंत्राला जोडून स्क्रू घट्ट.

खरं सांगते, मला भरून आलं. इतक्या वर्षांत माझी आठवण कोणाला झाली होती? पण तेच प्रेम माझ्या मुळावर आलं.

गंध वाळलेलं असलं की माझी काही तक्रार नसते. ओल धरली की मात्र एका पट्टीचा निरोप शेजारच्या पट्टीत झिरपतो. इथे संध्याकाळी सहाला हीटिंग बंद होतं. बाहेर शरद ऋतूतलं धुकं, त्यामुळे पहाटेपर्यंत खोली दमट होते. मग संगणक विचारतो, यंत्र उत्तर देतं आणि मध्ये मी नुसती बरळते. सकाळी आठला हीटिंग सुरू झालं की नऊपर्यंत मी ठणठणीत. वरदा यायची साडेनऊला. आता सांगा, तिला काय दिसणार?

तिला दिसायचं ते पहाटे चारला बंद पडलेलं मोजमाप. तिचा नमुना एका मोठ्या पिंपात गारठवून ठेवलेला होता आणि त्याचं सलग पन्नास तास मोजमाप व्हायला हवं होतं. मध्ये खंड पडला की सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी दुपारी बाराला ते पिंप एडिनबराच्या संशोधक गटाकडे जायचं होतं, ते पुढच्या उन्हाळ्यातच परत येणार. वरदाची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. हे आकडे मिळाले नाहीत तर तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरणच होणार नव्हतं.

आणि या बाईने काय काय केलं! प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. संगणक यंत्राला ज्या नंबरने हाक मारतो तो नंबर बदलला. संगणक शंभरदा बंद करून चालू केला. यंत्राच्या कंपनीला फोन केला, त्यांनी संगणकाला दोष दिला. संगणक विभागाचा समर आला, तो बरोबर अकरा वाजता, चहा पिऊन. "माझ्यासमोर तर मस्त चाललंय. यंत्र जुनं झालंय तुझं," म्हणाला आणि गेला. मग वरदाने मला हलवलं, पिळलं, टेबलावर आपटलं. मी काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अहो, एकदा, फक्त एकदा माझं तोंड उघडून आत बघा! पण नाही.

त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी नऊला शशिकांतकाका काठी टेकत कामावर आले. वरदा त्यांच्याआधी येऊन बसली होती, डोळे लाल.

"काका, हा केबल खराब झाला आहे. मी सगळं ट्राय केलं. आय ॲम डन."

"तुझी खात्री आहे? मग कापू या. दुसरी लांब केबल सोमवारशिवाय येणार नाही, पण ही तरी पुन्हा कोणाला छळायला नको."

आमच्याकडे तसा नियमच आहे. खराब केबल कापून टाकायची, म्हणजे ती चुकून परत कोणी वापरत नाही. काकांनी कटर घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच! त्यांनी माझे स्क्रू सोडवले, मला ओढून काढलं आणि ते थांबले. त्यांच्या बोटाला लाल लागलं होतं.

"वरदा, हे काय आहे?"

"गंध. पूजेचं. तुम्ही म्हणालात ना, कोणाला विसरू नको."

काका हळूच खुर्चीत बसले. "अगं, गंध तोंडात नाही घालायचं. झाकणावर ठेवायचं, तेही कोरडं."

"पण हे तुम्ही मला सांगितलं नाही, काका!"

"नाही सांगितलं," काका म्हणाले. "इतकी वर्षं करतोय, की हे सांगावं लागतं हेच माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी आहे. ऊठ, स्पिरिट आण."

मग स्पिरिट आणि दात घासायचा नवा ब्रश घेऊन दोघांनी माझी एकेक पट्टी घासली. यंत्राच्या खोबणीतलंही लाल काढलं. दहाला दहा मिनिटं कमी असताना मोजमाप सुरू झालं. गुरुवारची पहाट आली, धुकं आलं, मी घाबरून गेले होते. एकही निरोप चुकला नाही. शुक्रवारीही नाही. बाराला दहा मिनिटं असताना शेवटचा आकडा पोचला, आणि वरदा काकांच्या गळ्यात पडून रडली. एडिनबराची माणसं दारातच उभी होती, ती बिचारी अवघडून छताकडे बघू लागली.

नंतर तिने प्रयोगशाळेची वही उघडली. काका म्हणाले, "नुसतं 'केबल साफ केली' असं लिही. उगाच हसतील."

"मग पुढच्या वर्षी कोणीतरी परत करेल, काका," ती म्हणाली. आणि तिने लिहिलं: बिघाडाचं कारण, पट्ट्यांमध्ये कुंकू. ते मी घातलं. केबल चांगली आहे.

मित्रांनो, यंत्र अडलं की त्याला आपटू नका. नीट चालत होतं त्यानंतर आपण काय केलं, ते आधी आठवा. उत्तर लाजिरवाणं असलं तरी वहीत लिहा. आणि आमच्यावर माया करायचीच असेल तर जरूर करा, पण आम्हाला काय सोसतं ते जाणत्याला विचारून करा. आम्हाला तोंडं आहेत हो, पण नको म्हणता येत नाही.