गुलाबी पुल्या

बाळ्या अठ्ठावन्न वर्षांचा होता, पण त्याला बाळ्या म्हणणारी थोरली बहीण अजून वरच्याच मजल्यावर राहत असल्यामुळे त्या नावातून त्याची सुटका नव्हती. खालच्या मजल्यावर त्याची कवळ्या बनवायची खोली होती. गावातले तिन्ही दंतवैद्य लोकांच्या तोंडांचे साचे त्याच्याकडे पाठवत आणि तो त्यांवरून गुलाबी अ‍ॅक्रिलिकच्या हिरड्या ओतून त्यांत एकेक दात बसवून देई. हात इतका सफाईदार, की काही माणसं कवळी बसल्यावर आधीपेक्षा बरी दिसायला लागत. कानांच्या बाबतीत मात्र सगळा आनंद होता. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी त्याला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, आणि पुढे जन्मभर तो तेवढंच करत आला होता.

ताईचं अगदी उलट. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ती गावातल्या गायनमंडळात गात होती. आठ बायका, चार पुरुष आणि शिकवायला एक सर. साथीला वाद्य नाही. पहिला सूर ताईने द्यायचा आणि बाकीच्यांनी तो उचलायचा. एकदा ऐकलेली पट्टी आपल्या डोक्यातून जात नाही, असं ती सांगे, आणि ते खरं होतं. पुढचा सगळा घोटाळा ते खरं असल्यामुळेच झाला.

वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंडळाने गायचं ठरलं होतं. सरांनी त्यासाठी नदीवरचं एक नवंकोरं चार कडव्यांचं गाणं बसवायला घेतलं, आणि नेमकी तेव्हाच त्यांची मुलगी परगावी बाळंत झाली. सर पाच आठवडे जाणार होते. जाण्याआधी त्यांनी अख्खं गाणं स्वतःच्या आवाजात कॅसेटवर भरलं, मधेमधे ‘इथे श्वास घ्या’, ‘इथे घाई नको’ अशा सूचना घातल्या आणि सगळ्यांना एकेक कॅसेट वाटली. मंडळाने पूर्वी एकदा सवलतीत एकाच बनावटीचे, छोटा स्पीकर आणि इअरफोन असलेले डझनभर खिशातले टेप घेतले होते. पुरुषांनी आपले कधीच हरवले किंवा जावयांना देऊन टाकले. बायकांनी जपून ठेवले होते. सर गेले त्या संध्याकाळी ताईने कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि टेप ढिम्म हलला नाही.

दुकानदाराने तो हातातही घेतला नाही. असले भाग आता येत नाहीत, नवीन काहीतरी घ्या, म्हणाला. ताईला नवीन काहीतरी नको होतं. बाळ्याचे हात शिवशिवायला लागलेच होते. त्याने टेप आपल्या टेबलावर, दोन प्लास्टरच्या जबड्यांच्या मधे ठेवला आणि पाच बारीक स्क्रू काढून उघडला.

आत मोटरपासून मोठ्या चाकापर्यंत जाणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. बाळ्याने तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काड्यांनी पुसून काढला. तेवढ्याला एक दुपार गेली आणि बोटं दोन दिवस काळी राहिली. नवा पट्टा त्याने दंतवैद्य दाढेवर ताणून बसवतात त्या पातळ रबरी पडद्यातून कापला. पहिला कापताना फाटला, दुसरा एका बाजूला जाड झाला, तिसरा जमला. मग लक्षात आलं, की मोटरच्या टोकावरची पुलीही तडकली आहे. पुली म्हणजे शर्टाच्या कॉलरच्या बटणाहून लहान प्लास्टिकचं चाक. त्याने मेणात तिचा साचा घेतला आणि शिल्लक राहिलेल्या अ‍ॅक्रिलिकमधून नवी ओतली. हिरडीच्या रंगाची.

इथे त्याच्या धंद्याची सवय आडवी आली. कवळी नेहमी कणभर मोठी ओततात, आणि मग घासून घासून तोंडात बसवतात. बाळ्याने पुलीही कणभर मोठी ओतली. ती मोटरवर इतकी चपखल बसली आणि दिसायला इतकी देखणी झाली, की घासायचं राहूनच गेलं. टेप फिरायला लागला. ताईने इअरफोन कानाला लावून पहिलं कडवं ऐकलं आणि सरांचा आवाज किती मोकळा लागलाय म्हणून कौतुक केलं. त्या घरात बाळ्याचं कौतुक सहसा होत नसे. तो त्या दिवशी जेवणानंतर शीळ घालायचा प्रयत्न करत होता.

कौतुक वरच्या मजल्यावर थांबलं नाही. एकाच वेळी घेतलेले टेप एकाच वेळी म्हातारे झाले होते. दहा दिवसांत उरलेल्या सातही बायका पिशवीत आपापला टेप घेऊन जिन्याखाली हजर झाल्या. बाळ्याने साचा जपून ठेवला होताच. त्याने आणखी सात गुलाबी पुल्या ओतल्या, सात पट्टे कापले, आणि हौस म्हणून प्रत्येक टेपच्या पाठीवर मालकिणीचं आद्याक्षर कोरून दिलं.

सरावाचा हॉल नवी फरशी बसवायला बंद होता, म्हणून बायका ताईकडे जमत आणि पुरुष सलूनमध्ये. सलूनवाला हा बाळ्याचा शाळेपासूनचा मित्र. चौघा पुरुषांत तोच मुख्य, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्याच्याकडे भिंतीवरच्या फळीवर एक जुना मोठा टेप होता. गिऱ्हाईक नसलं की चौघे आरशांसमोर उभे राहून स्वतःकडे बघत गात.

वर बायकांची तालीम जोरात चालली होती. गाणं चढं आहे, अशी कुरकूर सुरुवातीला झाली. ताईने ती मोडून काढली. सरांनी विचार करूनच उंच ठेवलं असणार, नदी डोंगरावरून येते, असं तिने समजावलं. श्वास घ्यायला दिलेला वेळही फार थोडा वाटे. कॅसेटवरचे सर ‘इथे घाई नको’ हेसुद्धा गाडी चुकत असल्यासारखे म्हणत. बायकांनी मनाशी ताडलं, की बिचाऱ्यांना त्या दिवशी खरोखर गाडी गाठायची होती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आठही जणी त्या एवढ्याशा फटीत श्वास ओढायला शिकल्या.

सर कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी यायचे होते, म्हणजे सगळ्यांची एकत्र तालीम झाली असती. पण नातीला ताप आला आणि ते आले कार्यक्रमाच्या दिवशी, कार्यक्रमाच्या वेळेला, हातात बॅग घेऊन. बॅग पडद्यामागे ठेवून ते थेट मंडळासमोर उभे राहिले आणि त्यांनी ताईकडे बघून मान हलवली.

ताईने सूर दिला. सरांच्या भुवया वर गेल्या, पण तोवर आठही जणी निघाल्या होत्या. पहिलं कडवं बायकांचं होतं. सरांचे हात त्यांच्या मागे धावत होते, पण गाठ पडत नव्हती. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. दुसरं कडवं त्यांचं. सलूनवाल्याने डोळे मिटले आणि आपल्याला माहीत होतं तेच, माहीत होतं त्याच पट्टीत सुरू केलं. इतक्या खालून आवाज आला, की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी खुर्चीखाली वाकून पाहिलं.

तिसरं आणि चौथं कडवं सगळ्यांनी मिळून गायचं होतं. ते ऐकताना एकाच दारातून एक सोफा आत आणि दुसरा बाहेर नेला जात असल्यासारखं वाटलं. कुणीही मागे हटलं नाही. बायका आधी पोचल्या आणि ओठ मिटून उभ्या राहिल्या. पुरुषांच्या अजून अडीच ओळी बाकी होत्या. त्या त्यांनी, मान खाली घालून का होईना, शेवटपर्यंत म्हटल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही लोक फार वेळ वाजवत राहिले, कारण वाजवताना हसू लपत होतं. बाळ्या तिसऱ्या रांगेत बसून अगदी मनापासून टाळ्या वाजवत होता. त्याला गाणं आवडलं होतं.

पडद्यामागे चौकशी झाली. आपण कॅसेटप्रमाणे गायलो असं दोन्ही बाजूंचं म्हणणं. पण बायका आठ होत्या, पुरुष चार, आणि ताईची पट्टी कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुरुष खाली गेले आणि रेंगाळले, असं ठरलं. सरांचं डोकं दुखत होतं, त्यांनी नाही म्हटलं नाही. सलूनवाल्याने गळ्यातला रुमाल काढला, त्याची नीट घडी केली, आणि यापुढे आपण फक्त केस कापू असं सांगून निघून गेला.

दोन दिवसांनी बाळ्या केस कापायला गेला. सलूनवाल्याने त्याच्या अंगावर कापड टाकलं आणि थेट कात्री चालवायला लागला. उजवी बाजू होईपर्यंत बाळ्याने हवापाण्याच्या तीन-चार गोष्टी काढून पाहिल्या. शेवटी सलूनवाल्याने कात्री ठेवली आणि फळीवरचा टेप लावला.

“तूच ऐक,” तो म्हणाला. “आणि सांग आम्ही कुठे चुकलो ते.”

बाळ्याला सुरातलं काही कळणार नव्हतं. पण महिनाभर छतातून हीच कॅसेट त्याच्या डोक्यावर कोसळत होती. गाणं वाजलं, आणि मग सरांचा सावकाश, घोगरा आवाज आला, ‘इथे घाई नको.’ घरी हेच वाक्य बदक बोलल्यासारखं ऐकू येई.

 वितळलेला पट्टा, साचा, कणभर मोठी पुली, सगळं बाळ्याच्या डोळ्यांसमोरून क्रमाने गेलं. मोटरवरचं चाक मोठं, म्हणजे कॅसेटचे फेरे जास्त, म्हणजे आवाज चढा आणि गाणं घाईचं. दात बसवताना तो केसाएवढी चूक चालवून घेत नसे, आणि इथे त्याने आठ वेळा तीच चूक ओतली होती. वाटलं तर त्याला गप्प बसता आलं असतं. त्याने आरशात पाहिलं. मागे सलूनवाला उभा होता, इतक्या वर्षांच्या मैत्रीत बाळ्याने पाहिला नव्हता इतका पडलेला चेहरा घेऊन.

“तुम्ही नाही चुकलात,” बाळ्या म्हणाला. “मी चुकलो. तो टेप घे आणि चल माझ्याबरोबर.”

अर्धे केस कापलेला बाळ्या अंगावरच्या कापडासकट पुढे आणि मोठा टेप छातीशी धरून सलूनवाला मागे, असे दोघे भर बाजारातून गेले. वर ताईकडे आठही जणी जमून झाल्या प्रकाराची चिरफाड करत होत्या. बाळ्याने मोठा टेप मेजावर ठेवला, शेजारी ताईचा खिशातला टेप ठेवला, त्याच्या इअरफोनची एक बाजू तिच्या कानाला लावली आणि दोन्ही सुरू केले.

ताईला चार ओळीही लागल्या नाहीत. तिने कानातला इअरफोन काढला. बाळ्याने पुलीची हकीकत सांगितली, कवळी कणभर मोठी का ओततात तेही सांगितलं. एका बाईने आपल्या टेपच्या पाठीवरचं कोरलेलं अक्षर झाकल्यासारखा हात ठेवला.

“म्हणजे आम्ही बेसूर नव्हतो,” ताई म्हणाली.

“नव्हता. दोन-अडीच पट्ट्या वर होता, इतकंच.”

“आणि हा?” तिने सलूनवाल्याकडे मान वळवली.

“तो बरोबर होता.”

ताईला चूक कबूल करायची सवय नव्हती. पोस्टात असतानाही तिने कधी पत्र चुकवलं नव्हतं. ती उठली, तिची स्वतःची खुर्ची सलूनवाल्याला दिली आणि आपण उभी राहिली. म्हणाली, “तू जिथे असायला हवा होतास तिथेच होतास. आम्ही पुढे निघून गेलो.”

सलूनवाला खुर्चीत जरा अवघडून बसला. हे सरांसमोरही म्हणाल का, एवढंच त्याने विचारलं. ताईने त्याच संध्याकाळी म्हटलं. सरांनी ताईचा टेप मागून घेतला, स्वतःचा आवाज ऐकला, आणि लग्नाआधी आपण असेच बोलत होतो असं काहीसं पुटपुटले.

पुढचे चार दिवस सर सुराचा काटा, आपटला की नेमका एकच सूर देणारा, घेऊन बाळ्याच्या टेबलापाशी बसून राहिले. सर काटा गुडघ्यावर आपटून कानाशी नेत आणि बाळ्या दात घासायच्या बारीक यंत्राने पुलीचा कण कण उडवत राही. अजून, अजून, बस. एक पुली जास्त घासली गेली आणि तिच्यावर सर इतके गंभीर वाजले, की ती टाकून नवी ओतावी लागली. बाळ्याचे केस मधल्या काळात सलूनवाल्याने पुरे केले. दुसरी बाजू त्याने जरा जास्तच कापली, मुद्दाम की कसं ते बाळ्याने विचारलं नाही.

वाचनालयाने एका रविवारी दुपारी पुन्हा गायला बोलावलं. तीसेक लोक आले. सूर एकच होता, बारा जण एकाच वेळी संपले, आणि सरांनी हात खाली घेताना डोळे मिटले. बायकांना मात्र इतकं सावकाश गाण्याची सवय राहिली नव्हती. लांब श्वास कुठे खर्च करायचा ते त्यांना सुचत नव्हतं, आणि त्यांतली सर्वांत धाकटी चौथ्या कडव्यात जांभई देताना सरांना दिसली. खाली उतरताना ग्रंथपालांनी ताईचं अभिनंदन केलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, की आजचं छानच झालं, पण खरं सांगायचं तर मागच्या खेपेला जास्त जान होती. ताईने हे कुणाला सांगितलं नाही. फक्त बाळ्याला सांगितलं, आणि त्यालाही जिन्यात थांबवून.