पायांतून उतरलेला रंग

कापड रंगवायच्या आमच्या कारखान्यात त्या दुपारी जेवणाचे डबे बंदच राहिले. सगळे अंगणातल्या टबाभोवती गोळा झाले होते. टबात माझ्या थोरल्या भावाचे पाय होते, शेजारी अंगातलं विष काढणाऱ्या एका महाराजांच्या यंत्राची डबी बुडवलेली होती आणि पायांभोवतीचं स्वच्छ पाणी डोळ्यांदेखत विटकरी होत होतं.

"बघा, बघा! एवढ्या वर्षांचं मुरलेलं विष सुटतंय," महाराज म्हणाले. "ही साधी वीज नव्हे, वैश्विक लहर आहे!"

वैश्विक लहरीची वायर आमच्याच भिंतीतल्या प्लगमध्ये खोचलेली होती. मी कारखान्याचे हिशेब बघतो. लहरीचं बिल कुणाच्या नावावर येणार, हे मला तेव्हाच दिसलं.

दादाला लघवीतून लाल जात होतं. दुखत काहीच नव्हतं. आम्हा रंगाऱ्यांत त्यावर ठरलेलं उत्तर असे: रंग उतरतोय. हात लाल, नखं लाल, मग लघवीनेच काय घोडं मारलंय? वहिनीने दवाखान्याचं नाव काढलं की दादा म्हणे, "दुखतच नाही, तर डॉक्टरला दाखवू काय?" महाराजांच्या पहिल्या बैठकीनंतर लाल जाणं थांबलं, आणि दादा ऐकेनासाच झाला. त्या सकाळी पुन्हा लाल गेलं. म्हणून ही दुसरी बैठक.

वहिनी गर्दीतून पुढे आली. "महाराज, यांचे पाय बाहेर काढून यंत्र चालवा."

"ताई, पाय काढले तर विष येणार कुठून?"

"तेच बघायचंय."

"श्रद्धा नसेल तिथे लहर येत नाही."

"मग पाणी स्वच्छ राहील. राहिलं तर मी तुमच्या पाया पडते."

"अगं, तमाशा करू नकोस!" दादा ओरडला.

"तमाशा मी मांडलाय का?"

मी टब धुऊन नवं पाणी भरलं. वहिनीने महाराजांच्याच पुडीतलं मीठ त्यात ओतलं. मी बटण दाबलं. सगळे टबावर वाकले. यंत्राच्या डबीभोवती आधी पिवळट धागा सुटला, मग ढग, मग सगळं पाणी विटकरी.

"हवेतला दोष आहे हा…" महाराज प्लग काढून वायर गुंडाळू लागले.

"हवासुद्धा आपल्याकडे कामाला होती वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं.

मी डबी उचलली. आतल्या लोखंडी पट्ट्या खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड भराभर गंजतं. एवढंच ते विष.

हसू फुटलं, पण दादा हसला नाही. "मग माझं थांबलं कसं?"

"ते डॉक्टरांना विचारू," वहिनी म्हणाली. "आत्ताच."

डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या. रिपोर्ट येईपर्यंत दादा भिंतीकडे बघत बसून होता.

"मूत्राशयात गाठ आहे," बाई म्हणाल्या. "असं रक्त आपोआप थांबतं, पुन्हा येतं. थांबलं म्हणजे बरं झालं, असं नाही. त्यात तुमचं काम रंगाचं; काही रंगांच्या रसायनांनी अशा गाठीचा धोका वाढतो. पहिल्याच वेळी यायला हवं होतं."

"पण दुखत नव्हतं हो."

"दुखेपर्यंत थांबला असतात, तर 'काढता येईल' हे मला म्हणता आलं नसतं. आज म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातले दोघे जण माझ्याकडे रजा मागायला आले. दवाखान्यात जायचं होतं. त्यांनाही लाल जात होतं. रंगच उतरतोय म्हणून तेही गप्प होते.

लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसलं, न दुखता दिसलं, तरी डॉक्टरला दाखवा. काही नाही निघालं तर हसत घरी या. पण कशामुळे, हे तपासल्याशिवाय ठरवू नका.