चरकावरचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना, फुटक्या डोळ्याचा डबा आहे. आकाराने तुमच्या जेवणाच्या डब्याएवढा. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मी फळीवर पडून असतो. माझ्या अंगावरची खोक कोयत्याची आहे. येणारे-जाणारे म्हणतात, हे भंगार ठेवलंय कशाला? मला भयंकर राग येतो. तुम्ही आधी माझी हकीकत ऐका आणि मग काय ते ठरवा.

याच शेडमध्ये रेश्माताईंनी मला घडवलं. त्यांचे वडील लालासाहेब फौजेतून सुखरूप परतले आणि गुऱ्हाळाच्या चरकात अडकून जिवानिशी गेले. चरक म्हणजे ऊस पिळणारं यंत्र. त्याच्या लोखंडी रुळांनी एकदा बोट धरलं की ते कोपरापर्यंत ओढत नेतात. ऊस कोणता आणि माणूस कोणता, हे त्यांना कळत नाही. ते कळावं आणि माझ्या कॅमेऱ्याच्या डोळ्याला हात दिसताच चरक थांबावा, म्हणून माझा जन्म झाला.

ताई खाटकाकडून बोकडाचे पाय आणून चरकात सारायच्या. सुरुवातीला मला उशीर व्हायचा आणि हाडांचा चुरा माझ्या काचेवर उडायचा. ताई काच पुसून दुसरा पाय घ्यायच्या. त्या सहकाऱ्यांना सांगायच्या, "चित्र लांबच्या मोठ्या कम्प्युटरला धाडून उत्तर येईस्तवर मनगट गेलेलं असतंय. ह्यानं जाग्यावरच ठरवलं पायजे." म्हणून माझ्या पोटात थोड्या विजेवर भराभर चालणारी चिप बसली. माझ्या डोक्यात कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून तिला कुलूप घातलं. ताईंची मोहोर असलेलाच हुकूम मी मानायचा. आणि डोळ्यापुढे अंधार आला तर चरक बंद ठेवायचा, हा माझा पहिला धर्म.

मला सांगलीकडच्या दादासोंच्या गुऱ्हाळावर बसवलं. चरकात ऊस घालायला धोंडुबाई होत्या आणि त्यांचे यजमान बिराप्पा गूळ रांधायचे. दोघं आटपाडीकडच्या माळावरची, मेंढरं विकून इथं आलेली. पहिल्या हंगामात मी वाळलेल्या पाचटालाही हात समजून चरक थांबवायचो. दादासोंनी मला पान्याचे तडाखे दिले. त्यांचा भाचा ऋषिराज वायरमन होता. त्याने मोबाईलवरून कुठला तरी आज्ञाधारक प्रोग्राम माझ्या डोक्यात कोंबून पाहिला. त्यावर ताईंची मोहोर नव्हती. मी ढिम्म हललो नाही.

मग एके दुपारी धोंडुबाईंची बांगडी उसाच्या मोळीत अडकली आणि हात रुळांकडे गेला. मी चरक थांबवला. बोटं आणि लोखंड यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी जागा उरली होती. त्या दिवसापासून माझे लाड सुरू झाले. दादासोही मला "आमचा राखणदार" म्हणू लागले, आणि खोटं कशाला बोलू, मी फुगलो.

पुढच्या हंगामाचा मुहूर्त आला. चरकाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. धोंडुबाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "ह्येनं माझा हात राखला," म्हणाल्या आणि ओल्या कुंकवाचं भलं मोठं बोट त्यांनी माझ्या डोळ्यावरच टेकवलं.

मला लाल अंधार दिसला. मी धर्माला जागलो आणि चरक सुरूच होऊ दिला नाही.

"आगं, पूस की त्ये," बिराप्पा म्हणाले.

"मुहूर्ताला कुंकू पुसू व्हय? कायतरीच तुमचं! सांच्याला निगंल आपसूक."

कुंकू पुसायला दुसऱ्याही कुणाचा हात धजेना. दादासोंचा पारा चढला. "मुहूर्त टळाय लागलाय. ऋषिराज, त्या डब्याला वगळ आन् तारा थेट जोड!"

मित्रांनो, माझ्या डोक्याला कुलूप होतं, पण तारांना नव्हतं. ऋषिराजने पक्कड लावली आणि चरक गरगरू लागला. मला शिट्टी तेवढी येत होती. ती मी जिवाच्या आकांताने वाजवली. पाहुण्यांना वाटलं, मुहूर्ताचंच काहीतरी असेल.

मग किंकाळी आली. मला आवाज तेवढे येत होते, बाकीचं नंतर लोकांकडून कळलं. रुळांनी धोंडुबाईंची बोटं घेतली, तळवा घेतला. हाडं मोडल्याचा आवाज उसासारखाच होता. रसाची धार लाल होऊन गुळाच्या काहिलीत पडू लागली. बिराप्पांनी कोयता उचलला आणि मोटारीच्या फिरत्या पट्ट्यावर घाव घातला. पट्टा तुटला, उसळला आणि त्याने त्यांचा गाल कानापर्यंत फाडला. तशाच रक्ताळल्या तोंडाने त्यांनी दादासोंना उताणं पाडलं आणि त्यांच्या तोंडावर ठोसे घातले. दादासोंनी हात वर केला नाही. मग बिराप्पा माझ्याकडे वळले.

"डोळा हाय न्हवं तुला? मग बघितलं का न्हाईस रं?"

कोयता माझ्या डोळ्यात घुसला. मला त्यांचा राग आला नाही, मित्रांनो. मला फक्त रडायला येत नव्हतं. दात पडलेल्या दादासोंनीच जीप काढली आणि धोंडुबाईंना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. उजवा हात मनगटापासून गेला.

रेश्माताई मला इथं घेऊन आल्या. माझी चिरफाड करून, कुठं चुकलं ते शोधून त्यांनी नवा डबा केला. चरक थांबवायची कळ आता मोटारीच्या पोटातच असते, बाहेर जोडायला तारच नाही. काच झाकली की तो मोठ्याने सांगतो, "माझा डोळा पुसा." चाचणीसाठी ताईंनी धोंडुबाईंना बोलावलं. तिथं काय घडलं ते मला ताईंच्या तोंडून कळलं. रुळांपासून लांब, आखलेल्या रेषेपाशी धोंडुबाईंनी डावा हात धरला. चरक झटक्यात थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी पदराखालून उजवा हात काढला, मनगटाशी संपणारा, आणि तिथंच धरला.

चरक फिरतच राहिला.

नव्या डब्याला शिकवताना दाखवलेले सगळे हात पाच बोटांचेच होते.

"ताई," धोंडुबाई हळूच म्हणाल्या, "ह्येला ह्यो हात वाटंना व्हय?"

ताईंनी डोळ्याला पदर लावला. मग दोघी डब्यापुढे बसल्या. धोंडुबाई तो हात पालथा, उताणा, तिरका धरत राहिल्या आणि लेकराला शिकवावं तसं म्हणत राहिल्या, "बग रं, ह्यो बी हातच हाय." ऊन कलल्यावर केव्हातरी तो हात ओळखून चरक थांबला.

मित्रांनो, यंत्राच्या डोळ्याची काच स्वच्छ ठेवा, त्याला वगळून तारा जोडू नका. मोठे होऊन असं यंत्र घडवायला बसाल, तेव्हा ज्यांना त्याने चिरडलंय त्यांना आधी बोलवा. हंगाम तोंडावर आलाय, आणि धोंडुबाई त्याच हाताने पुन्हा चरकात ऊस रेटणार आहेत.