पेन्सिलीनं लिहिलेला माणूस

मामांनी बहिणीच्या घराची बेल दाबली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, आणि पाहुणा तीनला येणार होता. अर्ध्या तासात एकेचाळीस वर्षांचा संसार वाचवायचा होता. तोही स्वतःचा नव्हे, ताईचा.

सकाळी भाचीचा फोन आला होता. वंशावळी विकणाऱ्या एका कंपनीनं तिला कळवलं होतं: 'अभिनंदन! तुमच्या वडिलांचा आणखी एक मुलगा सापडला आहे.' तो कोण हे बघायचं तर वर्षाची वर्गणी भरा. भाचीनं ती भरली, त्या माणसाला फोन केला आणि घरी बोलावूनही मोकळी झाली. वडील जाऊन तीन वर्षं झालेली. विचारणार कुणाला?

ही चूक कुठून आली ते फक्त मामांना ठाऊक होतं, कारण ती त्यांचीच होती.

मामा जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. सुट्टीच्या दिवशी ते आणि त्यांच्यासारखे दहा-बारा छांदिष्ट वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमून आपापल्या घराण्यांचे तक्ते मांडत बसत. जुनी दप्तरं धुंडाळायची, धुळीनं शिंकायचं, आणि एखादी खापरपणजी सापडली की लॉटरी लागल्यासारखं मिरवायचं. मंडळाचा नियम एकच, पण कडक: खात्रीचं ते शाईनं, तर्काचं ते पेन्सिलीनं. तर्क चुकला तरी खोडरबर लावायचा नाही. त्यावर एक हलकी रेघ मारायची, म्हणजे मागून येणारा त्याच आडवाटेला लागत नाही.

तीस वर्षांपूर्वी इस्पितळाच्या जुन्या नोंदवहीत मामांना कचेरीत शेजारी बसणाऱ्या भावोजींचं नाव दिसलं होतं, एका बाळाचा बाप म्हणून. बाळ अनाथालयात दिलेलं. ताईच्या लग्नाआधी चार वर्षांची गोष्ट. मामांनी ते पेन्सिलीनं टिपलं आणि दोन महिने कुणाला न सांगता खणत राहिले. तो बाप नावानं सारखा पण माणूस दुसराच निघाला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी रेघ मारली आणि ताईला यातलं अक्षर कळू दिलं नाही.

पुढे मंडळातली माणसं एकेक करून गळाली. उरलेल्यांनी सगळे तक्ते याच कंपनीला देऊन टाकले. बदल्यात काय, तर जन्मभराचं फुकट सभासदत्व. कंपनीनं तक्ते मशीनखाली घातले आणि कागद लगद्याला पाठवले. मशीनला शाई काय नि पेन्सिल काय, सगळं सारखंच काळं, आणि ती हलकी रेघ तर त्याला दिसलीच नाही. सकाळपासून मामांनी कंपनीला चार फोन केले होते. दुरुस्तीचा अर्ज करा, तीस दिवस लागतील, असं पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगत होती. तोवर ती नोंद आणखी त्रेपन्न वंशावळींत जाऊन बसली होती.

भाचीनं दार उघडलं. ताई खुर्चीत ताठ बसलेली. मामांनी सगळं एका दमात सांगितलं. 

"कागद आहे?" तिनं विचारलं.

"लगदा झाला त्याचा."

"म्हणजे नुसता तुझा शब्द."

"ताई, मी कशाला खोटं बोलू?"

"ह्यांच्यासाठी. एका टेबलावर डबा खायचात दोघं. तू नाही पांघरूण घालणार तर कोण घालणार?" मग तिचा आवाज आणखी खाली गेला. "आणि तुला संशय आला होता. माझ्या हातचं जेवून जात होतास, आणि मनात हे."

"आईनंच तुला सांगू नको म्हटलं होतं," भाची कुजबुजली. "आठवडाभर झोपलेली नाही ती. मला आज राहवलं नाही."

 खरं बोलूनही खोटं ठरायची वेळ मामांवर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, आणि नेमकी ताईसमोर.

तेवढ्यात बेल वाजली.

पाहुणा पन्नाशीला टेकलेला, कडक इस्त्रीच्या शर्टातला. घड्याळं दुरुस्त करतो म्हणाला. बसा म्हटल्याशिवाय बसला नाही. ताई त्याचे कान बघत होती, हनुवटी बघत होती. ती त्याच्यात आपला नवरा शोधत होती, आणि आणखी दोन मिनिटं शोधू दिलं असतं तर तिला तो सापडलाही असता. असं काही शोधायला बसलं की सापडतंच, हे मामांइतकं कुणाला माहीत.

"तुम्ही आमचे नाही," मामा म्हणाले. "चूक माझी आहे." आणि त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं.

 घड्याळवाल्यानं खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला एक जुना कागद काढला.

"माझा जन्माचा दाखला. अनाथालयानं दिलेला. कंपनीनं फक्त वडिलांचं नाव आणि माझं जन्मसाल विचारलं. ह्यात वडिलांचं काम पण लिहिलंय. मला वाटलं, आधी ते करत असतील, मग नकाशांच्या कामात गेले असतील."

ताईनं चष्मा लावला. "बेकरीत भट्टीवर कामाला," तिनं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. "ह्यांना साधा गॅस पेटवता यायचा नाही. घाबरायचे. अठराव्या वर्षी कचेरीत लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि रडता रडता तिनं मामांचा हात घट्ट धरला.

मामांना इतकं हलकं वाटलं की जिभेवर ताबाच राहिला नाही. "बेकरीवालाच तो. नदीपलीकडे राहायचा. मी त्याच्या घरी जाऊन खात्री केली होती."

घड्याळवाला कागद परत खिशात ठेवत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

"तुम्ही त्यांना पाहिलंत?"

"दारात. दोन मिनिटं." मामा म्हणाले. "आत मुलं खेळत होती. दोन."

"कुठली गल्ली? घर कुठलं?"

"लिहिलं होतं मी. पत्ता, मुलांची नावं, सगळं. तक्त्याच्या मागच्या बाजूला. कंपनीनं पुढचीच बाजू घेतली."

"दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलं असेल ना?"

"नाही," मामा म्हणाले. "तो आमच्यातला नव्हता ना, म्हणून."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना. ताईनं त्यांचा हात सोडला.

"मुलगे होते की मुली?"

"एक मुलगी. आणि मुलगा, बहुतेक."

"बहुतेक," घड्याळवाला हळूच म्हणाला. तो रागावला असता तर मामांना बरं वाटलं असतं. त्यानं फक्त खुर्ची थोडी पुढे ओढली. "मी थोडा वेळ बसलो तर चालेल? तुम्हाला आठवेल कदाचित."

मामांनी डोळे मिटले आणि त्या दारावरचा नंबर आठवू लागले.