‘कॅप्टनचं घर’ शोधत आहे

तिसऱ्यांदा प्लग उपटून त्याने तो पुन्हा खोचला आणि टीव्हीच्या कपाटामागून रांगतच बाहेर आला. गुडघ्यांना धूळ, केसांत कोळिष्टक. कपाटावरचा नवाकोरा स्मार्ट डिस्प्ले झोपेतून उठल्यासारखा उजळला. पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरलं आणि अक्षरं उमटली.

‘कॅप्टनचं घर’ शोधत आहे...

तो उकिडवा बसून पाहत राहिला. पुढे काय येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

‘कॅप्टनचं घर’ सापडत नाही. पुन्हा प्रयत्न करा.

“काय म्हणतोय?” फोनच्या स्पीकरमधून लेकीचा आवाज आला. लेक म्हणजे बायकोची. तिला आपली कधीपासून म्हणायचं, हे लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्याचं ठरत नव्हतं. ती शिकायला बाहेरगावी होती आणि आईच्या वाढदिवसाला हा डिस्प्ले तिनेच पाठवला होता.

“तेच म्हणतोय.”

“असं कसं होईल काका? मी सगळं इथूनच भरून पाठवलंय. आपल्या वाय-फायचं नाव, पासवर्ड, फोटो. तुम्ही नुसता प्लग लावायचा होता.”

“लावलाय की.”

“नीट लावलाय ना?”

“अगं, लोकांचे दात बनवतो मी. एक प्लग बसवता येणार नाही होय मला?”

ती खुदकन हसली. मग तिकडे काहीतरी टकटक ऐकू आलं. ती माहिती शोधत असावी.

“राउटरचे दिवे लागलेत?”

“लागलेत.”

“मग त्याचं नाव-बिव कुणी बदललंय का?”

त्याने शर्टाला हात पुसले. स्वच्छ झाल्यावर पुन्हा पुसले.

“नाव? नाव कोण कशाला बदलेल?”

[मागे जा]

गेल्या रविवारी त्याच्या दातांच्या लॅबमधला एक सहकारी घरी आला होता. चहा पिता पिता त्याने मोबाइल काढला आणि वाय-फाय मागितलं.

“यातलं तुझं कुठलं? हे ‘कॅप्टनचं घर’? अरे वा! कधी झालास कॅप्टन? आम्हाला पेढेसुद्धा नाहीत!”

तो हसला. बायकोही हसली, पण जरा उशिरा, आणि बिस्किटं आणायला आत गेली. बशीत बिस्किटं होती.

कॅप्टन म्हणजे तिचा पहिला नवरा. जहाजावर वगैरे कधी गेला नाही बिचारा, बँकेत होता. गाडी चालवताना मागच्या सीटवरून छोटी लेक ‘कॅप्टन, उजवीकडे!’ असं ओरडायची, म्हणून कॅप्टन. तो गेल्याला सहा वर्षं झाली. पण घरातला माणूस गेला तरी घरातून गेला नव्हता. गॅलरीतला दिवा अंधार पडला की आपोआप लागे, तो कॅप्टनने बसवलेला. दाराची बेल फोनवर वाजे, ती कॅप्टनची. बायको फार कौतुक करायची असंही नाही. “त्याला असली खुडबुड आवडायची,” एवढंच म्हणायची. पण त्या ‘त्याला’मध्ये काहीतरी मऊ असायचं. आपल्याबद्दल कुणाशी बोलताना ती ‘ह्याला’ म्हणते, त्यात तसलं काही आहे का, हे तो कान देऊन ऐकायचा. कधी वाटायचं, आहे. बहुतेकदा नाही.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तो चुकत नाही, घोरत नाही, त्याचं पोट सुटत नाही.

सहकारी गेल्यावर, बायको भाजी आणायला खाली उतरली तेव्हा, त्याने लॅपटॉप उघडला आणि राउटरचं नाव बदललं. ‘कॅप्टनचं घर’ पुसून तिथे लिहिलं, ‘नवं घर’. पासवर्डही बदलला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! भिंतीवरचा खिळा उपटून भोक बुजवल्यासारखं.

त्या संध्याकाळी गॅलरीतला दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी बेल मुकी झाली. ही सगळी यंत्रं जुन्या नावाने हाका मारत बसली होती, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. तोवर उशीर झाला होता. आता सांगायचं म्हणजे का बदललं तेही सांगावं लागलं असतं.

बायको अंधारातच गॅलरीतले कपडे काढून आणायची.

[पुन्हा प्रयत्न करा]

‘कॅप्टनचं घर’ सापडत नाही.

[पुन्हा प्रयत्न करा]

‘कॅप्टनचं घर’ सापडत नाही.

एवढ्या मोठ्या अक्षरांत, दिवाणखान्याच्या मधोमध. त्याला वाटलं, डिस्प्ले उपडा घालावा.

[मदत हवी आहे?]

“काका, दोन रस्ते आहेत,” लेक म्हणाली. “एक, राउटरचं नाव जर खरंच बदललं असेल, तर जुनं नाव आणि जुना पासवर्ड जसाच्या तसा परत घालायचा. सगळं आपोआप जोडलं जाईल.”

“आणि दुसरा?”

“डिस्प्ले पूर्ण रिकामा करायचा. मागचं बटण दाबून धरलं की मी भरलेलं सगळं उडेल. मग आईच्या फोनवरून नव्याने जोडायचा. फोटो मला परत निवडावे लागतील, पण... ठीक आहे. बसेन रात्री.”

“दुसरं करू,” तो पटकन म्हणाला. फारच पटकन.



“बरं. आईचा फोन घ्या. आणि तो घरच्याच वाय-फायवर आहे ना, ते आधी बघा. नाहीतर काही होणार नाही.”

तो नव्हताच. असणार कसा? नवा पासवर्ड त्याने कुणालाच सांगितला नव्हता. आता तिच्या फोनमध्ये आपणच तो घालू, म्हणजे तिला कळायचंही नाही, असा हिशेब करत तो स्वयंपाकघरात गेला. ती ओट्याशी कणीक मळत होती.

“फोन दे जरा तुझा.”

“खिडकीत आहे. झालं का?”

“होतंय.”

त्याने फोन घेतला, वाय-फायचं पान उघडलं आणि तिथेच उभा राहिला.

‘नवं घर’. जोडलेले आहे.

सगळ्या रेघा भरलेल्या. त्याने पान बंद करून पुन्हा उघडलं. तेच.

हातातला त्याचा स्वतःचा फोन चालूच होता. “काका? आहात का?” लेक विचारत होती. त्याने “तुला पाच मिनिटांत फोन करतो” म्हणून तो बंद केला.

“हे... कुणी जोडून दिलं तुला?”

“मीच.” तिने मान वर केली नाही. “सोमवारी.”

“पासवर्ड?”

“ए-तीन, चोवीस. ए-तीन, चोवीस. एकदा घातला तर लहान पडला, मग दोनदा घातला.” कणकेचा गोळा तिने उलटा केला. “दुसरं काय असणार तुझं?”

त्याला एकदम लॅबची ती उत्तरेकडची खिडकी आठवली. दवाखान्यातून दाताचा रंग जुळवायला पाठवलेली, ओठ मिटून हसणारी एक बाई, म्हणजे हीच. ‘घाबरू नका, तुम्हाला फक्त उजेडाकडे बघायचंय,’ तो म्हणाला होता. रंगांच्या पट्ट्या एकेक करून तिच्या दाताजवळ धरल्या होत्या आणि कागदावर दाताचा नंबर आणि रंग लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं होतं, ‘चोवीस नंबर. ए-तीन.’ एकदाच. ते तिने ऐकलं असेल, हेही त्याला कधी वाटलं नव्हतं.

“सोमवारपासून माहीत आहे, आणि बोलली नाहीस?”

“तू कधी बोलतोस ते बघत होते.” आता तिने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर पिठाचा पट्टा. “मला काय, तुला हवं ते नाव ठेव. पण त्या दिव्याचं काहीतरी कर बाबा. परवा माझा पाय त्या कुंडीत गेला.”

ती पुन्हा कणकेकडे वळली. तो जरा वेळ तिथेच घुटमळला. खिडकीतलं भांडं उगीच सरळ केलं, आणि बाहेर आला.

[पुढे]

डिस्प्लेच्या मागचं बटण त्याने दाबलं नाही. लॅपटॉप मांडीवर घेतला. ‘नवं घर’ पुसलं आणि रिकाम्या चौकटीत एकेक अक्षर लिहिलं. कॅ आणि प्टन यांच्यामध्ये बोट थोडं थांबलं, एवढंच. जुना पासवर्ड आठवावा लागला नाही. दोन वर्षांत बोटांना पाठ झाला होता.

आधी गॅलरीतला दिवा लागला. मग कपाटावर वर्तुळ फिरलं.

‘कॅप्टनचं घर’ सापडले. जोडत आहे... जोडले.

लगेच फोटो सुरू झाले. समुद्रकाठी लेक, वाळूने बरबटलेली. बायको, केस आखूड असतानाची. मग कॅप्टन. गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून, तोंड भरून हसणारा.

तो उठून जवळ गेला. चष्मा कपाळावर सरकवला.

“वरचा डावा सुळा थोडा पुढे आहे,” तो मोठ्याने म्हणाला. “रंग मात्र ए-एक, एकदम पांढरा. एवढ्या वयाला ए-एक कुणाचा नसतो.”

“बघतोस काय असा?” ती दारात येऊन उभी होती, हात पुसत. “तो काही येणार नाही तुझ्याकडे दात करायला.”

तो हसला. तीही हसली, आणि या वेळी उशिरा नाही. डाव्या बाजूचा, त्याने बनवलेला चोवीस नंबर दिसला. रंग अगदी तंतोतंत जुळलेला. त्याच्याशिवाय कुणाला ओळखता आला नसता.

“चल, पानं घेते.”

“आलोच.”

ती आत गेली. फोटो बदलला. लेकीची शाळा. बदलला. पुन्हा कॅप्टन, पाठमोरा. बदलला. एक कुत्रा, कुणाचा कोण जाणे. आतून ताटं मांडल्याचा आवाज आला, मग तिची हाक. ‘आलो, आलो,’ म्हणत तो खुर्ची ओढून डिस्प्लेसमोर बसला आणि पुढचा फोटो यायची वाट पाहू लागला.